पंचगंगाकाठचे पूरबचावकार्य

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेच्या पुरात अडकलेली माणसे व जनावरे बाहेर काढण्याचे काठच्या वस्तीने अंगवळणी पाडलेले काम. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षकांचे ठाणे आणि त्याचा राखणदार असतो. येथे तशी इमारत उभी राहिली नाही. नावाडी, पट्टीचे पोहणारे आणि तालीम मंडळांची पोरे मिळूनच ते ठाणे झाले.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून झालेली पंचगंगा प्रयाग चिखलीपासून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस लागला की ती पात्राबाहेर पडते. त्याच वेळी कृष्णाही भरलेली असली तर पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते मागे फुगते. म्हणून येथला पूर पायरीपायरीने चढतो आणि उतरायला दिवसच्या दिवस घेतो. बचावाची सगळी रीत या संथपणावर बेतलेली आहे.

पाण्यावर नजर ठेवणे हे यातले पहिले काम. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुन्या माणसांची मोजणी वेगळी : शिवाजी पुलाच्या खांबांचा ठरलेला दगडी भाग बुडाला की ‘मच्छिंद्री झाली’. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, त्यामुळे ‘आज किती उघडले?’ हा प्रश्न शहरभर चालू असतो. शहरात पाणी आधी शिरते ते सुतारवाड्यात. तेथील कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलवली जातात.

साधनांत सर्वांत देशी म्हणजे काहील. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ही पसरट लोखंडी कढई पावसाळ्यात रिकामीच पडलेली असते, आणि ऊसपट्ट्यात ती शोधायला लांब जावे लागत नाही. तिला ना नाळ (नावेचे पुढचे टोक) ना सुकाणू. ओढीत सापडली की गरगर फिरते. म्हणून पोहणारे गडी कड धरून तिला ढकलत नेतात. आत म्हातारी माणसे, लेकरे, कधी दुधाच्या किटल्या. ट्रकच्या ट्यूबा, वाळके भोपळे आणि नावाड्यांच्या लाकडी नावा सोबतीला. काहील काही सुरक्षित वाहन नव्हे, पण सरकारी बोट पोहोचेपर्यंत दारात येते ती तीच.

माणूस नावेत घेणे सोपे, त्याला घराबाहेर काढणे अवघड. दावणीला म्हशी असताना शेतकरी उंबरा सोडत नाही. आधी जनावरे हलवा, मग आम्ही, हे उत्तर ठरलेले. जाणता नावाडी त्यामुळे आधी गोठ्याची चौकशी करतो. बोटींचा हिशोब माणशी मांडणाऱ्या बाहेरच्या पथकांना हे समजायला वेळ लागतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांपुढे गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व लष्कराबरोबर नौदलाची पथकेही आली. समुद्रावरची माणसे ऊसाच्या फडांवरून बोटी हाकत होती. कोल्हापूरची ‘व्हाइट आर्मी’ ही स्वयंसेवकांची फळीही पाण्यात होती. याच पुरात शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना नेणारी बोट उलटून अनेकांचा जीव गेला. बोटीत किती जण घ्यायचे आणि जीवरक्षक जाकीट कोणाच्या अंगात हवे, हे प्रश्न त्यानंतर गावोगाव ऐरणीवर आले. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा त्याच पातळीच्या आसपास पोहोचले.

१९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आल्या. काही जण तेथे गेले, काहींनी दोन्हीकडे घर ठेवले. काळी कसदार जमीन नदीकाठीच असल्याने जुने गाव मात्र सुटले नाही. पाणी चढू लागले की चिखलीतून जनावरांनी भरलेल्या ट्रॉल्या सोनतळीच्या चढाला लागतात.