डबस्टेप-टेक्नोच्या नव्या तबकड्यांचा शोध (रेडिओ, बेळगाव सीमाभाग)

रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी डबस्टेप आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारांतल्या, श्रोत्यांच्या कानावर अजून न आलेल्या रचना हुडकणे, पारखणे आणि प्रसारणाजोग्या करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. तबकडी म्हणताना आता विनाइलबरोबर डिजिटल फाइलही धरतात. असा शोध कुठल्याही संगीतासाठी घेता येतो. पण या दोन प्रकारांत त्यावाचून चालतच नाही, कारण यांतली बरीच निर्मिती एकट्यादुकट्याने घरच्या खोलीत केलेली आणि एखाद्या लहान लेबलने (तबकड्या काढणाऱ्या कंपनीने) जाहिरातीविना बाजारात आणलेली असते. चित्रपटगीत चहाच्या टपरीवरही गाठ पाडते; ही गाणी कोणीतरी शोधून वाजवावी लागतात.

रेडिओशी नाते : दोन्ही प्रकार रेडिओच्या मांडीवर वाढले. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात चार्ल्स जॉन्सन ‘द इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नावाने रात्रीचा कार्यक्रम करीत. एकाच बैठकीत ते गायक प्रिन्स, पार्लमेंट हा अमेरिकी बँड आणि जर्मनीचा क्राफ्टवेर्क हा बँड वाजवत. ते ऐकत मोठ्या झालेल्या मुलांत डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलचे शाळासोबती वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन होते. पुढे टेक्नोचे जनक म्हणून ओळखले गेले ते हेच तिघे. अ‍ॅटकिन्स आणि रिक डेव्हिस यांच्या सायबोट्रॉन या जोडगोळीची १९८१ मधली पहिली तबकडी मोजोंनीच हवेत सोडली. १९८८ मध्ये डेट्रॉइटच्या रचनांचा संग्रह लंडनहून निघाला आणि टेक्नो हे नाव जगभर रुळले.

डबस्टेपचे घर दक्षिण लंडनमधले क्रॉयडन. तिथल्या सरे स्ट्रीटवरचे ‘बिग अ‍ॅपल’ हे दुकान या संगीताचा अड्डा होते. हॅचा हा डीजे तिथे गल्ल्यामागे उभा राहून तबकड्या विकायचा, आणि स्क्रीम व बेंगा ही पुढे डबस्टेप रचणारी कोवळी पोरे तिथेच घुटमळायची. २००१ पासून लंडनच्या ‘फॉरवर्ड’ या क्लबरात्रीत हा आवाज घडत गेला. १९९४ मध्ये विनापरवाना सुरू झालेल्या आणि २०१० मध्ये परवाना मिळालेल्या रिन्स एफएमने तो घराघरांत नेला. जानेवारी २००६ मध्ये सादरकर्त्या मेरी अ‍ॅन हॉब्ज यांनी बीबीसी रेडिओ वनवर माला, लोफा, कोडनाइन, स्क्रीम आदी डीजेंना एकत्र बसवून ‘डबस्टेप वॉर्झ’ सादर केला. त्या एका रात्रीने लंडनच्या दोन-चार वस्त्यांतले संगीत जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोचवले. क्लबांना याचे जितके श्रेय देतात, तितके या सादरकर्त्यांना क्वचितच दिले जाते.

डबप्लेट आणि मंडळाचे गाणे : डबस्टेपचे वादक (म्हणजे डीजे) नवी रचना आधी डबप्लेटवर कापून (कोरून) घेत. ही लाखेचा थर दिलेली धातूची तबकडी असते. सुईने ती झिजते आणि काही डझन वेळा वाजवली की आवाज बसत जातो. म्हणून ती मोजक्याच हातांत जाई, आणि कोणाकडे कोणती डबप्लेट आहे यावर त्याचा मान ठरे. ही रीत जमैकाच्या साउंड सिस्टिमांकडून (मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या फिरत्या मंडळींकडून) आली. तिथे गायकाकडून मुद्दाम आपल्या सिस्टिमचे नाव घालून गाणे गाऊन घेत.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर पट्ट्यातल्या वाचकाला हे नवे वाटायचे कारण नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कपिलेश्वर तलावाकडे सरकणाऱ्या डॉल्बीवर जे वाजते, त्यातले कितीतरी कुठल्याच दुकानात नसते. मंडळाचे नाव घालून करून घेतलेले खास गाणे, हलगीच्या ठेक्यावर बसवलेले रिमिक्स, मध्येच घुमणारी बनवणाऱ्याच्या नावाची घोषणा, आणि ते सगळे एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर. रिमिक्स करणारा पोरगा, डॉल्बीवाला आणि मंडळाचा कार्यकर्ता यांच्यात माल फिरतो, आणि ओळख नसेल तर मिळत नाही. क्रॉयडनच्या गल्ल्यावर यापेक्षा फार वेगळे घडत नव्हते. या मिरवणुकांना नाके मुरडणाऱ्यांनी निदान एवढे मान्य करावे, की छातीत भरणारा बेस (खर्जाचा दणका) म्हणजे काय, हे सीमाभागातल्या पोरांना लंडनकडून शिकावे लागलेले नाही. (त्या आवाजाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना होणारा ताप ही वेगळी गोष्ट. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि मिरवणुकीत ती कोणी पाळत नाही.)

शोधण्याच्या वाटा : या संगीताचे खास दुकान बेळगावात नाही. गणपत गल्लीत काय हवे ते मिळेल, हे मिळणार नाही. त्यामुळे शोध इंटरनेटवरच होतो. बँडकॅम्पवर कलाकार आणि लेबले थेट विकतात, साउंडक्लाउडवर अर्धीकच्ची कामे आधी येतात, आणि बीटपोर्टवर वादकांसाठीच्या फाइल्स मिळतात. २००० मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉग्जवर तबकडीचा सगळा दाखला सापडतो : लेबल, क्रमांक, साल, कोणी कापली, कोणी छापली. बर्लिनचे हार्ड वॅक्स आणि मँचेस्टरचे बूमकॅट यांसारखी दुकाने प्रत्येक तबकडीसोबत माणसाने लिहिलेला अभिप्राय देतात, आणि पुष्कळदा तोच संगणकाच्या शिफारशीपेक्षा भरवशाचा ठरतो.

मुरलेले शोधक गाण्याच्या मागे लागत नाहीत, नावांच्या मागे लागतात. एक तबकडी आवडली की तिचे लेबल पाहायचे, त्या लेबलवरचे इतर चार जण ऐकायचे, रीमिक्स कोणी केले ते पाहायचे, मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावरचा अखेरचा हात) करणाऱ्याचे नाव दुसऱ्या कुठल्या तबकडीवर आहे ते बघायचे. असा धागा धरून गेले तर एका रात्रीत दहा नवी नावे हाती लागतात. लोकप्रियतेचे तक्ते (चार्ट) पाहून मिळते ते सगळ्यांकडे आधीच असते. कार्यक्रमाचे नाव झाले की लेबले स्वतःहून प्रोमो (प्रसिद्धीसाठीच्या) फाइल्स पाठवू लागतात. पण त्यांचा ओघ वाढला की शोध थांबतो आणि नुसती निवड उरते, हा धोका जुन्या सादरकर्त्यांनाही टळलेला नाही.

जुन्यातही नवे सापडते. मुंबईचे चित्रपट-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीआर-८०८ (ठेक्याचे) आणि टीबी-३०३ (बेसचे) या यंत्रांच्या साथीने भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवून तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. एका डच संग्राहकाच्या हाती तिची प्रत लागली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या आधी पाच वर्षे तोच आवाज मुंबईत निघाला होता हे पाहून युरोपातले वादक चकित झाले. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या कार्यक्रमाची सुरुवात करायला याहून चांगली तबकडी सापडणे अवघड.

पारख : टेक्नोत दर मात्रेला एक ढोल पडतो आणि लय बहुधा मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची असते. डबस्टेप १४० च्या आसपास चालते, पण स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) तिसऱ्या मात्रेवरच पडल्याने ते निम्म्या चालीचे भासते. वादकांची सॉफ्टवेअरे इथे हमखास फसतात आणि १४० चे गाणे ७० म्हणून नोंदवतात. आकडा हाताने दुरुस्त करावा लागतो.

त्याहून मोठा प्रश्न बेसचा. डबस्टेपचा जीव ४० ते ६० हर्ट्झच्या पट्टीत असतो. एफएमवर तो जातो, पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून येत नाही, आणि या भागात रेडिओ बहुतेक मोबाइलवरच ऐकला जातो. म्हणून निवडताना रचना तीनदा ऐकतात : हेडफोनवर, मोठ्या स्पीकरवर आणि शेवटी साध्या फोनवर. फोनवर फक्त टिकटिक उरली, तर ती कितीही भारी असली तरी कार्यक्रमाच्या मध्यावर ठेवत नाहीत. दुसरी चाचणी मोनोची. बेस डाव्या-उजव्या बाजूंत फार पसरलेला असेल तर दोन्ही बाजू एकत्र होताच तो एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणे पोकळ वाटते. तिसरी फाइलची. कमी दर्जाची एमपीथ्री फुगवून डब्ल्यूएव्ही (पूर्ण दर्जाची फाइल) म्हणून विकलेली असेल, तर आवाजाचा वर्णपट पाहिल्यावर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळे कापलेले दिसते.

सीमाभागातील प्रसारण : बेळगावच्या मराठी श्रोत्याचा रेडिओ नेहमीच सीमेच्या दोन्ही बाजूंचा राहिला. १९५० मध्ये सुरू झालेले धारवाड आकाशवाणी केंद्र कन्नडचे, चिकोडी-अथणीकडे सांगलीचे मराठी, निपाणीत कोल्हापूरची एफएम केंद्रे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हद्द आखली, ती लहरींनी कधी मानली नाही. पण यांपैकी कुठेही डबस्टेपला जागा नाही. खासगी एफएमचे पोट हिंदी-मराठी चित्रपटगीतांवर आणि जाहिरातींवर चालते.

उरतात दोन मार्ग. पहिला सामुदायिक रेडिओ. २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना त्याचे परवाने मिळू लागले. बेळगावात केएलई संस्थेचे ९०.४ मेगाहर्ट्झवरचे वेणुध्वनी केंद्र आहे. अशा केंद्राची प्रसारणशक्ती १०० वॅटची, म्हणजे आवाका शहर आणि भोवतालची गावे एवढाच. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक सहभागातून आणि शक्यतो स्थानिक भाषेत व्हावा अशी अट असते. ही अट अडचणीची वाटते. खरे तर डबस्टेपच्या कार्यक्रमाला ती फायद्याची आहे. बोलण्याचा भाग बेळगावी मराठीत, मध्ये कन्नड श्रोत्यासाठी दोन वाक्ये, आणि गाणे बहुधा शब्दांविना, त्यामुळे ते कुठल्या भाषेचे हा वाद निघत नाही.

दुसरा मार्ग इंटरनेट रेडिओचा. लंडनचे एनटीएस २०११ मध्ये आणि दिल्लीचे बॉक्सआउट एफएम २०१७ मध्ये असेच उभे राहिले. घरबसल्या तासाभराचा कार्यक्रम मुद्रित करून पाठवता येतो. मात्र जांबोटी-कणकुंबीकडे, चोर्ला घाटाच्या वाटेवर, नेटवर्क जाते-येते. तिथल्या श्रोत्यासाठी आधी उतरवून घेण्याजोगी फाइल ठेवणे शहाणपणाचे.

हक्कांचा भाग दोन्हीकडे सारखा नाही. ध्वनिमुद्रणाच्या परवान्यासाठी पीपीएल आणि रचनेच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्था आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ३१ड आले आणि प्रसारकांना वैधानिक परवान्याची सोय झाली, पण इंटरनेटवरच्या प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांना हे कलम लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. लहान लेबलांच्या तबकड्या अनेकदा कुठल्याच संस्थेकडे नोंदलेल्या नसतात. अशा वेळी निर्मात्याला थेट लिहून परवानगी घेणे हाच सरळ रस्ता. उत्तर आले तर सोबत पुढची, अजून न निघालेली फाइलही येण्याचा संभव असतो. प्रसारणानंतर त्याला कलाकार, रचना, लेबल आणि क्रमांक यांची पूर्ण यादी पाठवतात, आणि तीच यादी कार्यक्रमात मोठ्याने वाचूनही दाखवतात.