लाट फुटते तसं चित्र का फुटतं?

गणपतीचा दुसरा दिवस होता. आरती झाली, जेवणं झाली, पानं-सुपारी झाली. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी पडवीतल्या भिंतीवर टीव्ही आहे. माजघरात, जिथे प्लग चालतो तिथे, भाच्याने लॅपटॉप ठेवला होता. दोघांच्या मध्ये एकही तार नव्हती, तरी लॅपटॉपच्या पडद्यावर जे होतं तेच टीव्हीवर दिसत होतं. मखरातल्या गणपतीचे, माटवीला बांधलेल्या कवंडळांचे आणि नारळांचे, ओटीवर बसलेल्या सगळ्या चाकरमान्यांचे फोटो स्वच्छ उमटत होते. मग त्याने सकाळी काढलेला समुद्राचा व्हिडिओ लावला आणि टीव्हीवर नुसते चौकोन दिसायला लागले. लाट उठली की चित्र फुटायचं, लाट ओसरली की परत जुळायचं.

काकू म्हणाली, "अगं, मघाशी गणपती कसा लख्ख दिसत होता. मग समुद्रालाच काय झालं?"

"आत्या, रेंज नाही ना इथे, म्हणून फुटतंय," भाचा मला म्हणाला आणि त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यालाही जोडला. चित्र आणखीच फुटलं.

काकूचा प्रश्न अगदी नेमका होता. गणपती दिसतो आणि समुद्र फुटतो, या फरकातच या तंत्राची सगळी गोष्ट आहे.

रेंजचं आधी सांगते, कारण तो गैरसमज कोकणात तरी घरोघरी आहे. लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर आरशासारखा दाखवायला इंटरनेट लागतच नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि 'के' एकत्र दाबलं की जवळच्या टीव्हींची यादी येते. त्यामागे बहुतेक वेळा मिराकास्ट नावाची पद्धत काम करते. वाय-फाय अलायन्स या संस्थेने ती 2012 साली आणली. तिचा पाया म्हणजे वाय-फाय डायरेक्ट. यात घरात राउटर नसला तरी दोन उपकरणं थेट एकमेकांशी बोलतात. त्यांतलं एक स्वतःच छोटा राउटर बनतं, दुसरं त्याला जोडलं जातं. सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण होते. मग टीव्ही सांगतो, मला एवढ्या आकाराचं चित्र दाखवता येतं, सेकंदाला एवढी चित्रं दाखवता येतात, आवाज अमुक प्रकारचा चालतो. लॅपटॉप त्यातलं स्वतःला झेपेल ते निवडतो आणि चित्र पाठवायला लागतो. हे सगळं घरातल्या घरात होतं. गावातला टॉवर बंद पडला आणि घर इन्व्हर्टरवर असलं, तरीही हे चालेल.

टीव्हीला खोचायच्या गूगलच्या क्रोमकास्टचं वेगळं आहे. 2013 साली आलेल्या या उपकरणाला आपण फोनवरून फक्त पत्ता देतो, अमुक व्हिडिओ लाव म्हणून. तो व्हिडिओ ते स्वतः इंटरनेटवरून आणतं, त्यामुळे तिथे रेंज हवीच. अॅपलची एअरप्ले ही आणखी निराळी पद्धत, आणि अॅपलच्या लॅपटॉपला मिराकास्ट येत नाही. पाहुण्यांचा लॅपटॉप आपल्या टीव्हीशी का जुळत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

आता चित्राकडे येऊ. टीव्हीचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फुल एचडी पडद्यावर आडवे 1,920 आणि उभे 1,080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला 24 बिट लागतात, बिट म्हणजे एक 'हो' किंवा 'नाही'. एका चित्राला जवळजवळ 5 कोटी बिट झाले. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर सेकंदाला सुमारे 300 कोटी बिट. एचडीएमआयची तार हा भार सहज वाहते, तिला चित्र आवळून लहान करावं लागत नाही. पण साध्या 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरून, मध्ये एक भिंत असताना, प्रत्यक्षात 3-4 कोटी बिट गेले तरी पुष्कळ. म्हणजे चित्र निदान 75 ते 100 पट आवळल्याशिवाय ते हवेतून जाणारच नाही. आणि आवळायचं तेही चालू असताना, सेकंदाच्या साठाव्या भागात एक, या वेगाने.

हे आवळणं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्याच्या मुळाशी एका भारतीय माणसाची कल्पना आहे, म्हणून तर आणखीच. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत होते. 1972 साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या कल्पनेवर काम करायला पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी आहे, असा एक शेरा त्यावर होता. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम तसंच पुढे नेलं आणि जानेवारी 1974 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या गणिती पद्धतीचं नाव डीसीटी. आज आपण फोनवर जे बहुतेक फोटो आणि व्हिडिओ बघतो, त्यांच्या पोटात ती किंवा तिची भावंडं असतात. मिराकास्टमध्ये वापरला जाणारा 2003 सालचा एच.264 हा व्हिडिओ आवळण्याचा प्रकारही तिच्याच घराण्यातला.

ती काय करते? भजन आठवून बघा. पखवाजाचा जाड ठेका, पेटीचा सूर आणि टाळांची बारीक किणकिण, हे सगळं एकाच वेळी कानावर येतं, पण कान ते वेगळं करून ऐकतो. डीसीटी चित्राचं असंच करते. चित्राचा लहानसा चौकोन घ्यायचा, 8 बाय 8 ठिपक्यांचा किंवा त्याहून छोटा. त्यात सपाट रंग किती, हळूहळू बदलणारी छटा किती, आणि अगदी बारीक, दर ठिपक्याला बदलणारी नक्षी किती, हे वेगवेगळं मोजायचं. आपले डोळे पखवाज लगेच पकडतात. टाळ थोडे कमी वाजले तर त्यांना फारसं कळत नाही. मग टाळांचे आकडे ढोबळ करायचे किंवा गाळून टाकायचे. रंगांचंही तसंच, उजेड-अंधारातला फरक डोळ्याला जेवढा नीट दिसतो तेवढा रंगांतला दिसत नाही, म्हणून रंगांची माहिती एक चतुर्थांशच पाठवतात. निळ्यावर लिहिलेली लाल बारीक अक्षरं टीव्हीवर पुसट दिसतात ती यामुळेच.

एवढ्यानेही पुरत नाही. खरी बचत होते ती दुसऱ्या एका युक्तीने. लॅपटॉप प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवतच नाही, तो मागच्या चित्रापासून काय बदललं तेवढंच कळवतो. पडदा तो 16 बाय 16 ठिपक्यांच्या 8 हजारांहून जास्त चौकोनांत वाटून घेतो आणि एकेका चौकोनाबद्दल टीव्हीला निरोप देतो. हा होता तसाच ठेव. हा मागच्या चित्रातून उचल आणि पाच ठिपके उजवीकडे सरकव. हा मात्र नवा आहे, घे.

गणपतीचा फोटो पडद्यावर असतो तेव्हा निरोप जवळजवळ एकच असतो, होता तसाच ठेव. मोठमोठे आकडे पाठवावे लागत नाहीत, मग उरलेल्या जागेत बारीकसारीक नक्षीही पाठवता येते. म्हणून फोटो लागल्यावर क्षणभर मऊ दिसतो आणि मग लख्ख होतो. भाच्याकडे वाडीतल्या जाखडीचाही व्हिडिओ होता. गोल फिरणारे नाचे, त्यांचे घुंगरू, कमरेचे शेले. तो समुद्रापेक्षा बरा दिसला. नाचणारा माणूस या जागेवरून त्या जागेवर जातो, पण शेला तोच असतो. बहुतेक चौकोन उचलून सरकवता येतात, आणि मागची भिंत तर हलतच नाही.

समुद्राचं तसं नाही. लाट किनाऱ्यावर फुटते तेव्हा जो फेस होतो, तो मागच्या क्षणी कुठेच नव्हता आणि पुढच्या क्षणी कुठेच नसणार. कुठून उचलणार आणि कुठे सरकवणार? वर फेस म्हणजे नुसती टाळांची किणकिण, सगळी बारीक नक्षी. दोन्ही युक्त्या एकदम लंगड्या पडतात. हजारो चौकोनांचा निरोप एकच होतो, हा नवा आहे, घे. पाठवायची मुभा मात्र तेवढीच. मग लॅपटॉप नाइलाजाने प्रत्येक चौकोनाची नक्षी ढोबळ करत जातो, इतकी की शेवटी चौकोनाला सपाट रंगच उरतो. काकूला दिसले ते हे चौकोन. लाट ओसरली, ओल्या वाळूवर पाणी संथ पसरलं की बदल कमी होतो आणि चित्र पुन्हा जुळतं. श्रावण-भाद्रपदातला गुहागरचा समुद्र, रिपरिप पाऊस, वाऱ्याने सळसळणारी सुरूची झाडं, धूप-कापराचा धूर, ही आपल्या डोळ्यांना निववणारी दृश्यं. चित्र आवळणाऱ्या यंत्रासाठी मात्र याहून अवघड काही नाही.

फुटण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो ओळखून घ्यायला हवा. कधी चित्राचा एखादाच पट्टा मोडतो. कुणाच्या चेहऱ्याचा अर्धा भाग बाजूला सरकतो, तिथे राखाडी किंवा हिरवा डाग पडतो, आणि तो डाग माणसाबरोबर हलतही राहतो. मग अचानक सगळं साफ होतं. इथे निरोप ढोबळ झालेला नसतो, वाटेत हरवलेला असतो. मिराकास्टमध्ये चित्राचे तुकडे पोच न घेता पाठवले जातात, कारण हरवलेला तुकडा परत मागवेपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते. पण पुढचे सगळे निरोप त्या हरवलेल्या तुकड्यावर उभे असतात, म्हणून चूक पुढे पुढे वाहत जाते. शेवटी टीव्ही लॅपटॉपला सांगतो, आता एक पूर्ण चित्र पाठव. ते आलं की पाटी कोरी होते.

वाटेत निरोप का हरवतो? आमच्या घरी याचं एक कारण भिंत होती. जांभ्याच्या चिऱ्यांची, दीड फूट जाडीची. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या अंगावरची भोकं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चार महिने पाऊस पिऊन तो ओला झालेला असतो, आणि वाय-फायच्या लहरी पाण्यात जिरतात. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापतं तेही याच गुणामुळे, त्या भट्टीची लहर 2.45 गिगाहर्ट्झची, म्हणजे साध्या वाय-फायच्या अगदी शेजारची. मे महिन्यात त्याच भिंतीतून जेवढं पार होतं, तेवढं भाद्रपदात होत नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्झची साधारण 6 सेंटिमीटर. ही दुसरी लहर भिंतीला लवकर हरते, पण एकाच खोलीत असेल तर खूप जास्त माहिती वाहून नेते आणि तिथे गर्दीही कमी असते.

आणि हॉटस्पॉट? तो सुरू केल्यावर बिघडलं, त्यालाही कारण आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाय-फायचा रेडिओ एकच असतो. टीव्हीशी लहरींच्या एका पट्ट्यावर आणि मोबाइलशी दुसऱ्या पट्ट्यावर बोलायचं म्हटलं की तो थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे करतो. टीव्हीच्या वाट्याचा वेळ तेवढा घटतो. ज्याची गरजच नव्हती त्या रेंजसाठी आम्ही असलेला रस्ता अर्धा करून टाकला होता.

मी भाच्याला हॉटस्पॉट बंद करायला लावला. लांब वायरचा बोर्ड आणून लॅपटॉप पडवीत, टीव्हीच्या समोर ठेवला. हरवणारे पट्टे तिथेच थांबले. चौकोन पुष्कळ कमी झाले, तरी मोठी लाट आली की फेस अजून पिठासारखा सपाट व्हायचा. मग माझ्या लक्षात आलं की आपण चित्र दोनदा आवळतोय. फोनने व्हिडिओ काढतानाच एकदा आवळला होता. लॅपटॉप तो उलगडून पडद्यावर दाखवतो, आणि तो पडदा टीव्हीकडे पाठवण्यासाठी परत, घाईघाईने, पुन्हा आवळतो. पहिल्या खेपेला वाचलेले टाळ दुसऱ्या खेपेला गेले. लॅपटॉपचा पडदाच दाखवायचा असेल, एखादं सादरीकरण, फोटो, हिशेबाचा तक्ता, तर बिनतारी रस्ता उत्तम. तयार व्हिडिओ असेल तर तीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावलेली बरी, म्हणजे ती एकदाच उलगडते.

ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह शोधून काढला. त्यावर व्हिडिओ घेऊन टीव्हीच्या मागे खोचला. लाट उठली, वळली, फुटली, आणि फेसातला थेंब न् थेंब दिसला. काकू खुर्ची पुढे ओढून बसली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, पाणी आणि आभाळ मिळतं तिथे, बोट दाखवलं.

"ती होडी बघ. मघाशी नव्हती ना ती?"

मघाशीही होती. नखाएवढी, राखाडी पाण्यावर राखाडी. पुढच्या फेसाला जागा करून देताना लॅपटॉपने ती गाळून टाकली होती.