रूपांतरित बसमधील व्होल्टेज

जुन्या प्रवासी बसचे फिरते घर, वाचनालय किंवा दवाखाना केला, की तिच्यात विजेचे तीन दाब एकत्र नांदू लागतात. मूळ बसचे २४ व्होल्ट, नंतर बसवलेल्या पंखा-दिव्यांचे बहुधा १२ व्होल्ट आणि इन्व्हर्टरमधून निघणारे घरगुती २३० व्होल्ट. मुंबईत २०२० च्या साथीत बेस्टच्या काही मिनी बसगाड्या रुग्णवाहिका झाल्या. असा बदल करताना गाडीतल्या कोणत्या वायरीत किती दाब आहे, हे आधी कागदावर मांडावे लागते.

मोठ्या डिझेल बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचे प्लस दुसरीच्या मायनसला, जोडतात. जड इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला भरपूर शक्ती लागते, आणि दाब दुप्पट झाला की तेवढ्याच शक्तीला निम्मा करंट पुरतो. मात्र ‘२४’ हे नुसते नाव आहे. पूर्ण भरलेल्या, निवांत बॅटऱ्यांवर मीटर साधारण २५.४ दाखवतो, इंजिन चालू असताना २८ च्या आसपास जातो आणि सेल्फ मारताना क्षणभर चांगलाच खाली येतो. बंद गाडीत मीटर बरोबर २४ दाखवत असेल, तर बॅटऱ्या निम्म्याहून अधिक उतरलेल्या असतात. नवखे लोक नेमके याच आकड्यावर समाधान मानतात.

कारचा म्युझिक सिस्टीम किंवा १२ व्होल्टची एलईडी पट्टी चालवायला दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर ओढणे हा गॅरेजमधला सर्रास जुगाड. दिवे लागतात, म्हणून तो खपतो. पण भार एकाच बॅटरीवर पडतो आणि चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच वाहतो. परिणामी एक कायम अर्धपोटी राहते, दुसरीचे पाणी उकळून आटते आणि काही महिन्यांत जोडीच बाद होते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर त्या जोडीपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरी गफलत वायरीच्या जाडीत होते. पुढच्या बॅटरीपासून मागच्या फ्रिजपर्यंत दहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस. अडीच चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीतून १२ व्होल्टवर १२० वॉटचा फ्रिज चालवला, तर १० अँपिअर वाहतात आणि वाटेतच सुमारे दीड व्होल्ट गळतो. बॅटरीवर १२.२ असले, तरी फ्रिजला १०.७ च मिळतात आणि तो कमी दाबाच्या संरक्षणामुळे बंद पडू शकतो. दोष मात्र फ्रिजला लागतो. हाच फ्रिज २४ वर चालला, तर गळती पाऊण व्होल्टवर येते.

लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या वीजसामानाच्या बाजारातून, घरगुती एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणून बॅटरीच्या वायरीवर बसवू नये. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा स्विच पडताना उडालेली ठिणगी विझते. बॅटरीच्या डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला, ती उसंत नसते. तिथे डीसीसाठी बनवलेला फ्यूजच हवा, आणि तोही बॅटरीला चिकटून.

इलेक्ट्रिक बसचे गणित वेगळे. तिची मुख्य बॅटरी शेकडो व्होल्टची असते. तिला ऑटो इलेक्ट्रिशियननेही हात लावू नये.

मुंबईच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि जोडाचा रोध वाढतो. म्हणून दाब मोजायचा तो बॅटरीवर आणि उपकरणाच्या टोकाला, दोन्हीकडे, आणि उपकरण चालू ठेवून.