फुलपाखरं हवीत ना? मग पानं कुरतडलेली चालवून घ्या

नर्सरीत आल्यावर बहुतेकजण म्हणतात, कीड न लागणारं काहीतरी द्या. आणि लगेच पुढचा प्रश्न, फुलपाखरं येतील ना? आता या दोन गोष्टी एकत्र कशा जमणार सांगा. फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला, पण अंडी घालतं ते ठराविक झाडाच्याच पानावर, आणि अंड्यातून निघालेली अळी तेच पान खाऊन मोठी होते. म्हणजे नुसती फुलझाडं लावली तर पाहुणे येऊन जातात, मुक्कामाला कोणी राहत नाही. म्हणून आमचं सांगणं असं की एक-दोन रोपं खास खायला घालण्यासाठी घ्या.

सगळ्यात सोपं म्हणजे लिंबू नाहीतर कढीपत्ता, दोन्ही कुंडीत होतात. लाइम बटरफ्लाय कोवळ्या पानावर एकेक करून मोहरीएवढं बारीक पिवळसर अंडं ठेवतं. छोटी अळी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते (मुद्दामच, कोणी खाऊ नये म्हणून!), मग कात टाकत टाकत हिरवी होते आणि तिला जरा डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास असतो. रोप जरा मोठं असेल तर पाच-सहा अळ्यांनी काही बिघडत नाही, पालवी परत फुटते. रोप अगदीच लहान असेल तर दोन घ्या.

रुईवर प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू वाढतं, कण्हेरीवर कॉमन क्रो नावाचं, त्याचा कोष तर चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. पानफुटीवर रेड पिएरो अंडी घालतं, त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, लोकांना वाटतं पान सडलं आणि तोडून फेकून देतात. रुई आणि कण्हेर विषारी आहेत हं, घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर आम्हीच नको म्हणतो, आणि रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

फुलझाड घेताना एकेरी पाकळ्यांचं घ्या. डबल जास्वंद, डबल गुलाब दिसायला भारी, पण त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात त्यामुळे पराग कमी आणि मधापर्यंत पोचणंही अवघड. एकाच जातीची तीन-चार रोपं जवळजवळ लावा, कारण मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं धरून फिरते. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या, मधमाश्या नक्की येतील. रात्रीच्या पतंगांसाठी पारिजातक किंवा रातराणी.

वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांनी एक गंमत बघा. या फुलांचा पराग एका बंद नळीत असतो, टोकाला फक्त बारीकसं भोक. मोठा काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, चक्क आवाज येतो, आणि पराग झरझर खाली पडतो. नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही. तेव्हा भुंग्याला हाकलू नका.

औषधाचं काय? काही कीटकनाशकं मुळातून पूर्ण झाडात भिनतात, पार पराग आणि मधापर्यंत, म्हणून रोप घेताना त्यावर काय मारलंय ते आम्हाला बिनधास्त विचारा. मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला तर पाण्याचा जोरात फवारा मारा आणि थोडे दिवस थांबा. त्यात काळी-नारिंगी, काटेरी, मगरीसारखी बारकी अळी दिसली तर ती बहुतेक लेडीबगची असते, ती मावा खायलाच आलेली असते आणि नेमकी तीच मारली जाते. शिंजीर पक्षीसुद्धा पिल्लांना मध नाही, किडे आणि कोळी भरवतो, त्यामुळे किडेच नसतील तर घरटंही नाही.

घाणेरी मात्र आमच्याकडे मागू नका. फुलपाखरं तुटून पडतात हे मान्य, पण पक्षी फळं खाऊन बिया लांब टाकतात आणि ती रानात पसरून बाकी झाडांना जागाच ठेवत नाही. त्याऐवजी तुमच्या भागात मूळचं काय उगवतं ते आधी बघू.

पाण्यासाठी उथळ थाळी आणि त्यात दोन-चार दगड, पाणी दर दोन दिवसांनी बदला नाहीतर डास होतील.

येताना एवढं बघून या: ऊन किती तास आणि कुठल्या वेळचं, जमीन आहे की कुंड्या, वारा किती. जागेचा मोबाइलवर फोटो काढून आणलात तर अजून बरं, त्यावरून लगेच सांगता येतं.