लक्ष्मणफळाच्या पानांचा निरोप आला कुठून?

दसरा उलटला की नागपुरात सीताफळाच्या टोपल्या दिसू लागतात. त्याच फळाच्या कुळातल्या लक्ष्मणफळाला मात्र वेगळ्याच कारणाने मागणी असते. घरात कॅन्सरचं निदान झालं की कुणीतरी हमखास सांगतं, "पानांचा काढा द्या, किमोपेक्षा १०,००० पट जोर आहे त्यात." असा निरोप माझ्याही मोबाइलवर आला आहे.

हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. १९८२ मध्ये युव्हारिया या त्याच कुळातल्या झाडाच्या मुळांतून युव्हारिसिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं आणि उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, त्याचा परिणाम दिसला. तिथून त्याच्यासारख्या, अ‍ॅसिटोजेनिन नावाच्या संयुगांचा शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेरी मॅकलॉफ्लिन यांच्या गटाने या कुळातल्या झाडांवर अनेक वर्षं काम केलं. १९९६ मध्ये त्यांनी लक्ष्मणफळाच्या बियांतून सिस-अ‍ॅनोनासिन हे असंच एक संयुग काढलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या पेशींवर ते अ‍ॅड्रियामायसिन या किमोच्या औषधाच्या १०,००० पट प्रभावी ठरलं. प्रयोग झाला तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, बियांतून शुद्ध केलेल्या द्रव्याचा. बियांची पानं झाली आणि पेशींचा माणूस झाला, तो नंतर, निरोप हातोहात फिरताना.

ही संयुगं पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होण्याची साखळी पहिल्याच कडीला अडवतात. भरभर वाढणाऱ्या पेशीला ते जड जातं, पण मेंदूतल्या पेशीलाही ऊर्जा तितकीच लागते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण वाजवीपेक्षा जास्त आढळत होते. ही मंडळी हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमाने घेत, असं १९९९ च्या अभ्यासात दिसलं. पुढे २००४ मध्ये उंदरांना शिरेतून अ‍ॅनोनासिन हे या फळातलं अ‍ॅसिटोजेनिन दिल्यावर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेलेल्या आढळल्या. आपल्याकडच्या आज्यांना या कुळाचा स्वभाव ठाऊकच होता. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड केसांना लावताना त्या बजावत, डोळ्यांत जाऊ देऊ नको.

म्हणून काढा सुरू असेल तर डॉक्टरांपासून तो लपवू नये, असं मला कळकळीने वाटतं.

वनस्पतीतून कॅन्सरचं औषध होतच नाही, असं मुळीच नाही. अंगणातली सदाफुली घ्या. मधुमेहावरचा पाला म्हणून कॅनडात तिची तपासणी चालली होती, तेव्हा उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आलं, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन. ल्युकेमिया झालेल्या मुलांना व्हिन्क्रिस्टिन आजही देतात: मुलाची उंची आणि वजन पाहून मात्रा ठरते, ती सहसा २ मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, आणि देतात ती फक्त शिरेतून.