जुन्या स्पोर्ट्स कारमधील एक्झॉस्टचे फेरबदल

इंजिनातला जळालेला वायू गाडीच्या मागच्या टोकापर्यंत नेणारी मूळ यंत्रणा पूर्ण किंवा काही अंशी बदलण्याचे काम. यात हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) जोडलेला, सगळ्या सिलिंडरांचा वायू एकत्र आणणारा मॅनिफोल्ड, पुढची नळी, असल्यास विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), घुमणारा आवाज कमी करणारा मधला रेझोनेटर, मागचा सायलेन्सर आणि टेलपाईप एवढे भाग येतात. पुण्यातल्या गॅरेजांत या सगळ्याला मिळून ‘सायलेन्सरचं काम’ म्हणतात.

पुण्यात ज्या गाड्यांवर हे काम होते त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिला गट एमजी मिजेट, एमजीबी यांसारख्या १९६०-७० च्या दशकांतल्या ब्रिटिश दोन-आसनी गाड्यांचा. दुसऱ्या गटात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या गाड्या येतात: ११४९ सीसी रेनो इंजिनाची सॅन स्टॉर्म, आणि नावाने सेडान किंवा हॅचबॅक असूनही ज्यांच्याकडे चालक स्पोर्ट्स कार म्हणूनच पाहतात अशा होंडा सिटी १.५ व्हीटेक, फियाट पॅलिओ १.६. दुसऱ्या गटात फेरबदल बहुतेकदा हौसेपेक्षा गरजेपोटी होतो. मूळ सायलेन्सर गंजून फुटतो, तसाच नवा मिळत नाही, मग बनवून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

नळीचा व्यास आणि लांबी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि बहुतेक एकाच दिशेने: नळी गरजेपेक्षा मोठी घेतली जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की वायूचा एक ठोका नळीतून धावतो. त्याच्या वेगामुळे मागे कमी दाबाची लाट तयार होते, आणि ती योग्य क्षणी परत व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ओढून घेते. नळी फार मोठी असली की वायू मंदावतो, लवकर थंड होतो आणि ही ओढ हरवते. इंजिनाला ‘बॅक-प्रेशर लागतोच’ हे वाक्य पुष्कळ ऐकू येते, पण ते अर्धवट आहे. इंजिनाला हवा असतो वायूचा वेग. दाब हा निव्वळ अडथळा असतो.

प्रत्येक सिलिंडरच्या नळीच्या लांबीचा हिशेब असा करतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या किती अंश आधी उघडतो, तो आकडा कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) माहितीतून घ्यावा आणि त्यात १८० मिळवावेत. बेरजेला ८५० ने गुणून, ज्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जोर हवा त्या आकड्याने भागावे आणि ३ वजा करावेत. उत्तर इंचांत येते. व्हॉल्व्ह ६० अंश आधी उघडत असेल आणि ६,००० आरपीएम गाठायचे असतील, तर २४० गुणिले ८५० भागिले ६,००० म्हणजे ३४. त्यातून ३ गेले, उरले ३१ इंच, म्हणजे सुमारे ७९ सेंमी. याच पद्धतीने दीड लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाला प्रत्येक सिलिंडरच्या नळीचा आतला व्यास सुमारे ३५ मिमी आणि टेलपाईपचा सुमारे ४८ मिमी निघतो. दोन इंची, १८ गेजची नळी आतून ४८.४ मिमी भरते. म्हणजे दोन इंच पुरेसे आहेत. अडीच इंची नळीचे क्षेत्रफळ याहून दीडपटीपेक्षा जास्त असते, आणि ती लावली की २,००० ते ३,५०० आरपीएममधला जोर जातो. कर्वे रस्त्यावर किंवा कात्रजच्या चढाला गाडी नेमकी तिथेच चालत असते.

चारच्या दोन आणि दोनाची एक अशा हेडरने (मूळ मॅनिफोल्डच्या जागी लावलेल्या नळ्यांच्या संचाने) मधल्या आरपीएमला जोर चांगला मिळतो; चारची थेट एक केली तर तो वरच्या आरपीएमला सरकतो. १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरला (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाला) १ आणि ४, तसेच २ आणि ३ अशा जोड्या कराव्यात. शेजारच्या नळ्या जोडायला सोप्या म्हणून १-२ आणि ३-४ जोडलेले हेडर पाहायला मिळतात; त्यांत एका सिलिंडरचा ठोका दुसऱ्याच्या वाटेत येतो. एमजी मिजेटचे ए-सीरिज इंजिन मात्र या हिशेबात बसत नाही. त्याच्या हेडला एक्झॉस्टचे तीनच पोर्ट असतात, कारण मधले दोन सिलिंडर एकच पोर्ट वापरतात. म्हणून तिथे मधली नळी लांब ठेवून ती बाहेरच्या दोन नळ्यांच्या जोडाला पुढे मिळवण्याची रचना वापरतात.

धातू, बेंड आणि वेल्डिंग

साधे माइल्ड स्टील स्वस्त असते, कुठेही वेल्ड होते, पण रोज थोडे अंतर धावणाऱ्या गाडीत आतून लवकर सडते. ४०९ दर्जाचे स्टेनलेस चुंबकाला चिकटते आणि वरून तांबूस पडते, तरी टिकाऊ असते. ३०४ दिसायला सर्वांत चांगले, पण तापल्यावर जास्त वाढते: तीन मीटर नळी सरासरी २५० अंशांनी तापली तर ती सुमारे १३ मिमी लांबते, माइल्ड स्टीलची सुमारे ९ मिमी. जुन्या हँगरच्या जागा तशाच ठेवून ३०४ ची नळी ताणून बसवली तर पहिल्या लांब प्रवासातच ती कुठेतरी टेकते किंवा वेल्डपाशी तडकते.

बेंड मँड्रेलवरच, म्हणजे नळीच्या आत आधार घालून, काढून घ्यावेत. नुसत्या दाबाने वाकवलेली नळी वळणावर चपटी होते आणि दोन इंची नळीतून वायूला दीड इंचाचीच वाट उरते. गाडीवर आधी पातळ तारेने मार्ग आखून कोन मोजावेत. ‘अंदाजे नव्वद’ म्हणून आणलेला बेंड अंदाजेच बसतो.

भोसरी-चिंचवड पट्ट्यात आर्गन वेल्डिंग करणारे फॅब्रिकेटर पुष्कळ आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारावा: नळीच्या आतूनही आर्गन वायू सोडणार का? ३०४ ला बाहेरून सुंदर दिसणारा वेल्ड आतून हवा लागून काळा, जळक्या साखरेसारखा खरबरीत होतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल आणि ३०४ ला माइल्ड स्टीलचा फ्लँज (बोल्टने आवळायची जोडपट्टी) जोडताना ३०९एल फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार) लागतो. हेडरचा फ्लँज ८ ते १० मिमी जाडीचा घ्यावा आणि जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्ड करावा, नाहीतर तो केळ्यासारखा वाकतो आणि कोणतेही गॅस्केट टिकत नाही. वेल्डिंग गाडीवरच करायचे असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढावी, अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळच नळीला लावावा आणि पेट्रोलच्या नळीवर ओले कापड टाकून अग्निशामक हाताशी ठेवावे.

जुने काढणे, नवे बसवणे

वीस-तीस वर्षे तापून-निवून मॅनिफोल्डचे स्टड (दोन्ही टोकांना आटी असलेले बोल्ट) हेडमध्ये घट्ट बसलेले असतात. आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवावे. नट आधी किंचित आवळावा, मग सोडवावा. तरी हलला नाही तर नट तापवावा, स्टड नव्हे. जोर लावून तोडलेला स्टड काढताना ॲल्युमिनियमच्या हेडची आटी जाते, आणि तासाभराचे काम हेड उतरवण्यापर्यंत पोहोचते. नवे स्टड घालताना तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट वापरावेत. एम८ च्या नटांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. मधून बाहेर असे आवळत जावे, इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क तपासावा. हे दुसऱ्यांदा आवळणे पुष्कळ जण टाळतात, आणि महिन्याभरात गॅस्केट फुंकले जाते.

गिअरबॉक्सपाशी पुढच्या नळीला आधार देणारा ब्रॅकेट परत लावलाच पाहिजे. तो राहून गेला की मागच्या नळीचे सगळे वजन हेडरच्या जोडावर लोंबते आणि हेडर तडकतो. इंजिन रबरावर डुलते, नळी मात्र गाडीच्या तळाला टांगलेली असते, म्हणून मधे लवचिक जोड हवा. तळापासून किमान २५ मिमी आणि ब्रेक व पेट्रोलच्या नळ्यांपासून ५० मिमी अंतर ठेवावे. जागा नसेल तर ८-१० मिमी हवेची फट सोडून उष्णतारोधक पत्रा लावावा. हेडरला कापडी पट्टी गुंडाळण्याची पद्धत माइल्ड स्टीलसाठी वाईटच. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि नळी आतल्या आत सडते.

जमिनीपासूनची उंची दोन माणसे आणि भरलेली टाकी यांसह मोजावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, पण सोसायट्यांच्या दारातले गतिरोधक याहून पुष्कळ अरुंद आणि टोकदार असतात. नळीचे जोड आणि क्लॅम्पचे बोल्ट खाली न येता बाजूला वळवावेत, कारण घासतात ते पहिले तेच.

आवाज

भोके पाडलेल्या सरळ नळीभोवती ग्लासवूल भरलेला सायलेन्सर वायूला कमी अडवतो, पण लोकर जळत जाते तसा आवाज वाढतो. उघडून पुन्हा भरता येईल असाच घ्यावा. कप्प्यांचा सायलेन्सर जड आणि थोडा अडवणारा, पण वर्षानुवर्षे एकसारखा वाजतो.

नव्या कामानंतरची सर्वांत त्रासदायक तक्रार म्हणजे एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये भरणारा घुमारा. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके पडतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमीला बऱ्याच जुन्या गाड्यांचे इंजिन याच्या आसपास फिरते, आणि दोन तासांत डोके दुखू लागते. उपाय म्हणजे मुख्य नळीला जोडलेली, टोक बंद असलेली आडवी शाखा. तिची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी ठेवतात. सव्वादोनशे अंश तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४४८ मीटर असतो, म्हणून १०० ठोक्यांसाठी शाखा १.१२ मीटर येते. ती वळवून मागच्या चाकाजवळच्या जागेत बसवता येते. मोठा सायलेन्सर लावण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि अचूक आहे, तरी फार थोडे जण तो करतात.

ट्यूनिंग

हेडर बदलला की मिश्रण बदलतेच. कार्ब्युरेटरच्या गाडीत पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधन प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान यावे म्हणून जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे भाग) बदलावे लागतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे मुंबईत लावलेले जेट इथे किंचित घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे, मिश्रण देतात. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, आणखी. काही जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या उष्णतेवर इनलेट (मिश्रण आत नेणारी वाट) तापतो. हेडर लावून ही उष्णता काढून घेतली की डिसेंबरच्या सकाळी गाडी पहिले दोन-तीन किलोमीटर अडखळते, आणि दोष विनाकारण कार्ब्युरेटरला दिला जातो.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरचे एम१८×१.५ आटीचे बुश नळीच्या वरच्या बाजूला, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मधे वेल्ड करावे. खाली बसवलेला सेन्सर साचलेल्या पाण्याने फुटतो. सेन्सरच्या आधीच्या जोडात गळती असेल तर बाहेरची हवा आत जाते, संगणकाला मिश्रण पातळ वाटते, आणि तो उगाचच पेट्रोल वाढवतो.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १९०(२) मध्ये ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकभंगाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. पुण्यात वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर, मुख्यतः बुलेटचे, रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्यामुळे मूळ आवाजाच्या मर्यादेत राहणारे, मूळ मार्गानेच जाणारे काम करणे हाच शहाणपणा. आवाज वाढवणारी नळी फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी ठेवावी. मूळ सायलेन्सर फेकू नये. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला तो लागतो. पन्नास वर्षांवरील गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत.

कॅट असलेल्या गाडीचा कॅट काढू नये. बीएस-२ आणि बीएस-३ या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल कारला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागते. त्याआधीच्यांना ३ टक्के आणि १,५०० पीपीएम. कॅटची सक्ती १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरू झाली आणि पुणे त्यांत नव्हते, म्हणून त्या काळातल्या इथल्या गाडीत मुळात कॅट नसणे शक्य आहे. आधी खात्री करावी.

बिघाड ओळखणे

गार इंजिनावर टिकटिक येते आणि तापल्यावर थांबते, ती मॅनिफोल्डची गळती. थ्रॉटल सोडल्यावर मागून फटाके वाजत असतील तर नळीच्या एखाद्या जोडातून हवा आत शिरते आहे. शोधायला सोपी रीत: इंजिन गार असतानाच चालू करून, जाड कापडाने टेलपाईप काही क्षण दाबून धरावा आणि दुसऱ्याने जोडांवर साबणाचे पाणी सोडावे, बुडबुडे येतील तिथे गळती. हे नेहमी उघड्यावर करावे, तळघरातल्या पार्किंगमध्ये कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सेन्सरच्या भोकाला प्रेशर गेज लावून उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या वर दिसला तर कॅट किंवा सायलेन्सर आतून तुंबला आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. कोथरूडहून डेक्कनपर्यंतच्या फेरीत मागचा सायलेन्सर ते उडवण्याइतका तापत नाही, आणि पाणी तळाशी साचून पत्रा आतून खाते. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिमीचे छिद्र ठेवावे, पावसाळ्यात ते चिखलाने बुजले नाही ना हे तारेने पाहावे, आणि आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवून नळी शेवटपर्यंत तापू द्यावी.