गावाकडे परतून घर घेताना: घरपट्टी आणि खरेदीवेळच्या करांविषयी

विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि माण-खटाव भागांतील कित्येक घरांतून एक-दोन पिढ्यांपूर्वी माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात गेली, तिकडेच संसार मांडले आणि आता साठी ओलांडल्यावर सांगली, मिरज, विटा किंवा साताऱ्यात राहते घर घेऊन परत येण्याच्या विचारात आहेत. दस्त आणि कराच्या कामांसाठी आमच्याकडे येणाऱ्यांत अशा ग्राहकांची संख्या मोठी असल्याने हे माहितीपत्रक मुख्यत्वे त्यांच्यासाठी तयार केले आहे. गाव आपले असले, तरी कराच्या दृष्टीने राज्य नवीन आहे, आणि तिकडची सवय इकडे चालत नाही.

केरळमध्ये जमिनीचा कर व्हिलेज ऑफिसात आणि इमारतीचा कर पंचायतीत किंवा नगरपालिकेत भरला जातो. कर्नाटकातील शहरांत घरमालक स्वतःच अर्ज भरून आपला कर मोजतो. महाराष्ट्रातील शहरांत मात्र आकारणी पालिका करते आणि बिल घरी येते. ही सोय वाटते खरी, पण आकारणीत चूक झाली असेल तर ती मालकाने दाखवून देईपर्यंत वर्षानुवर्षे तशीच राहते.

खरेदीच्या दिवशीचा खर्च

सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत खरेदीखतावर मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि त्यावर स्थानिक संस्थेचा 1 टक्का, असे एकूण 6 टक्के लागतात. नोंदणी फी 1 टक्का असून तिची कमाल मर्यादा 30,000 रुपये आहे. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांकाचा दर याहून कमी आहे. केरळातील 8 टक्के मुद्रांक आणि 2 टक्के नोंदणी फी पाहिलेल्यांना हे आकडे हलके वाटतात. परंतु शुल्क ठरलेल्या किमतीवरच लागते असे नाही. दर वर्षी जाहीर होणाऱ्या रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) येणारे बाजारमूल्य आणि करारातील किंमत यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर ते आकारले जाते. समजा, फ्लॅट 38 लाखांना ठरला आणि रेडी रेकनरप्रमाणे त्याचे मूल्य 42 लाख निघाले, तर मुद्रांक 42 लाखांवर, म्हणजे 2,52,000 रुपये होईल, आणि नोंदणी फी धरून 2,82,000 रुपये हाताशी ठेवावे लागतील.

निवासी घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतल्यास मुद्रांकात 1 टक्क्याची सवलत आहे. वरील उदाहरणात ती 42,000 रुपये होते. पतीचे नाव जोडीला आले की ही सवलत मिळत नाही. मात्र परराज्यातील जुने घर विकून त्याच पैशांतून इथले घर घेणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. जुन्या घरावरील भांडवली नफ्याला करातून सूट हवी असेल, तर नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घ्यावे लागते, आणि बांधणार असल्यास तीन वर्षांच्या आत. विकलेले घर पतीचे आणि घेतलेले पत्नीच्या नावावर, असे झाल्यास आयकर खाते त्या सूटीवर हरकत घेऊ शकते. बेचाळीस हजारांच्या सवलतीपायी काही लाखांची सूट वादात घालणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. म्हणून कोणाच्या नावावर घ्यायचे हे बयाणा देण्यापूर्वीच ठरवावे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी 5 टक्के आहे. आपल्याकडच्यासारख्या महानगराबाहेरील शहरांत चटई क्षेत्र 90 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असल्यास तो 1 टक्का लागतो, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर लागतच नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याला रक्कम देताना 1 टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आगाऊ आयकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

घरपट्टी कशी ठरते

शहरात घरपट्टीचा पाया घराचे वार्षिक भाडेमूल्य हा आहे, म्हणजे ते घर भाड्याने दिले असता वर्षाला वाजवीपणे जे भाडे येईल ते. महिना 4,000 रुपये धरले तर वर्षाचे 48,000 होतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा जाऊन 43,200 रुपये हे करयोग्य मूल्य उरते. या एका आकड्यावर सर्वसाधारण कर, वृक्षकर, सरकारचा शिक्षण कर आणि इतर बाबी आपापल्या टक्केवारीने लागतात. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी वापरावर असतो, त्यामुळे राहत्या घराच्या बिलात तो दिसला तर वापराच्या नोंदीत चूक आहे असे समजावे. ग्रामपंचायत हद्दीत पद्धत वेगळी आहे. तेथे 2015 च्या नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि बांधकामाच्या मूल्यावर, होते आणि नोंद नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, असते. हद्द बदलली की पद्धतही बदलते. 2020 मध्ये साताऱ्याची हद्दवाढ होऊन शाहूपुरीसारखा भाग पालिकेत आला, हे उदाहरण जवळचेच आहे. म्हणून शहरालगतचे घर घेताना आजच्या घरपट्टीवरून पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडू नये.

वापराच्या नोंदीविषयी आमच्याच कार्यालयाची एक चूक येथे सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी केरळहून परतलेल्या एका दाम्पत्याने जुने दुमजली घर घेतले. थकबाकी नसल्याचा दाखला आम्ही पाहिला, तो खराही होता. परंतु रस्त्याकडेच्या खोलीत पूर्वी शिवणकामाचे दुकान होते आणि आकारणी उताऱ्यात त्या खोलीपुढे ‘बिगरनिवासी’ असे लिहिलेले होते, ते आमच्या नजरेतून सुटले. त्या खोलीत आता देवघर होते, तरी दोन वर्षे बिल दुकानाच्या दराने येत राहिले. नोंद दुरुस्त झाली. आधी भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. तेव्हापासून आम्ही दाखल्यावर न थांबता उतारा घेऊन घरात जातो आणि एकेक खोली, मजला, पत्र्याची शेडसुद्धा उताऱ्याशी ताडून पाहतो.

थकबाकी कोणाची

महापालिका कायद्यानुसार मालमत्ता कराचा बोजा घरावरच असतो, त्यामुळे आधीच्या मालकाने कर बुडवला असला तरी वसुली त्याच घरावरून होऊ शकते. ‘ते आमचं आम्ही बघतो’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पालिकेवर बंधनकारक नसते. शहरात मुदतीनंतर थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. चार-पाच वर्षे बंद पडलेल्या घराचा आकडा म्हणूनच धक्का देणारा निघतो. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी थकबाकी विक्रेत्याकडून भरून घ्यावी किंवा तेवढी रक्कम किमतीतून वळती करावी, आणि तसे खरेदीखतात लिहावे.

खरेदीखत झाल्यावर तीन महिन्यांच्या आत पालिकेच्या कर विभागाला हस्तांतरणाची लेखी सूचना द्यावी लागते. सिटी सर्व्हेकडील मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव लागले की घरपट्टीलाही आपोआप लागते, हा समज चुकीचा आहे; ही दोन स्वतंत्र कामे आहेत. तसेच घरपट्टीचा उतारा किंवा पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी विक्रेत्याच्या नावावर आहे एवढ्यावरून कोणीही व्यवहार करू नये.

सूट आणि पावत्या

ज्येष्ठ नागरिक म्हणून घरपट्टीत आपोआप सूट मिळते असे अनेकजण गृहीत धरतात, पण तसे नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी राज्य सरकारची मालमत्ता कर माफीची योजना आहे. तिच्या अटी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्याव्यात. ग्रामपंचायतीत आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत घरपट्टी भरल्यास 5 टक्के सूट मिळते. परराज्यातील जुने घर न विकता भाड्याने दिले असेल, तर तेथे त्या वर्षी मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर आयकराच्या हिशेबात भाड्यातून वजा होतो, म्हणून तिकडच्या पावत्याही जपून ठेवाव्यात.

आमच्याकडे येताना निवडलेल्या घराचा आकारणी उतारा, मागील तीन वर्षांच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि जुने घर विकले असल्यास त्या दस्ताची प्रत आणावी. मूळ कागद आणू नयेत, झेरॉक्स पुरेशा आहेत. तिकडचे दस्त मल्याळम, तमिळ किंवा कन्नडमध्ये असतील, तर विक्रीची तारीख आणि रक्कम तेवढी मराठीत लिहून आणावी.